क्रियापद येण्याआधी

‘पोलिसाने चोराला पकडणाऱ्या माणसाला बक्षीस दिलं.’

हे वाक्य वाचताना तुम्ही एका जागी किंचित अडखळला असाल. ‘पोलिसाने चोराला’ इथपर्यंत येताच मनात एक चित्र उभं राहतं: पोलीस आहे, चोर आहे, आणि पोलिसाने चोराला काहीतरी केलं आहे. मग ‘पकडणाऱ्या’ येतं आणि ते चित्र मोडतं. चोराला पकडणारा तिसराच कुणी निघतो आणि पोलिसाकडे फक्त बक्षीस देणं उरतं. वाक्य शुद्ध आहे, एकही शब्द अनोळखी नाही, तरी वाचणाऱ्याचा क्षणभर खोळंबा होतो. असे खोळंबे मोजणं आणि त्यांची कारणं शोधणं हे माझं काम आहे.

पुण्यात येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकले तेव्हा ध्वनी, रूपं आणि बोली यांची गोडी लागली होती. ऐकणाऱ्याच्या डोक्यात वाक्याचा अर्थ नेमका केव्हा तयार होतो, हा प्रश्न पुढे माझ्या मागे लागला आणि अजून सुटलेला नाही. ‘वाक्य संपल्यावर’ हे त्याचं सहज सुचणारं उत्तर आहे, आणि ते चुकीचं आहे. अर्थ वाक्य संपण्याची वाट पाहत नाही. तो पहिल्या शब्दापासून बांधला जातो, पुढे काय येणार याचा अदमास घेत जातो, आणि अदमास चुकला की मागे वळून दुरुस्ती करतो. एरवी वाचणाऱ्याला यातलं फारसं काही जाणवत नाही, कारण हे सगळं क्षणार्धात उरकतं.

मोजण्याची सगळ्यात साधी रीत अशी आहे. पडद्यावर वाक्य आडव्या रेघांनी झाकलेलं असतं. कळ दाबली की एक शब्द उघडतो. पुन्हा दाबली की तो झाकला जातो आणि पुढचा उघडतो. दोन दाबांमधला वेळ संगणक सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत टिपतो. मार्सेल जस्ट, पॅट्रिशिया कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली ही रीत मांडली आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत ती वापरली जाते. माणूस आपल्या मते एका लयीत वाचत असतो, पण नोंदी पाहिल्या की कुठल्या शब्दावर बोट रेंगाळलं ते दिसतं. पुष्कळदा रेंगाळणं त्या शब्दावर न दिसता पुढच्या शब्दावर सांडलेलं असतं. म्हणून अवघड जागा वाक्याच्या शेवटी ठेवायची नाही, तिच्यामागे दोन-तीन निरुपद्रवी शब्द ठेवायचे, हे या कामातलं पहिलं व्यवहारज्ञान.

खरी मेहनत असते ती वाक्यं घडवण्यात. प्रत्येक वाक्याला एक जुळं लागतं, आणि दोघांत एकाच गोष्टीचा फरक असावा लागतो. शब्दांची लांबी सारखी, वापरातली वारंवारता सारखी, एका वाक्यात जोडाक्षरांची गर्दी आणि दुसऱ्यात सरळ अक्षरं असंही चालत नाही. मग ती वाक्यं आधी वेगळ्याच लोकांना ऐकवायची आणि कानाला किती सहज लागतात ते विचारायचं. जे नापास होईल ते काढून टाकायचं. एका माणसाला जुळ्यांपैकी एकच दाखवायचं, आणि आपण काय शोधतोय ते त्याच्या लक्षात येऊ नये म्हणून मध्ये भरीची वाक्यं पेरायची. बाहेरून पाहणाऱ्याला हे कारकुनी काम वाटतं. मला ते कविता तासून घेण्याइतकं मोलाचं वाटतं, कारण मराठी वाक्याचा कुठला सांधा किती भार पेलतो ते इथेच कळतं.

दुसरी रीत मेंदूतल्या विजेची. डोक्यावर इलेक्ट्रोड लावलेली टोपी घालायची, त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्यामध्ये जेल भरायचं, आणि वाक्यातला एकेक शब्द ठरावीक गतीने दाखवायचा. आपल्याकडे या कामाची सुरुवात एका विनंतीने होते: आदल्या दिवशी केस धुऊन या आणि डोक्याला तेल लावू नका. दाट वेणी आणि खोबरेल तेल यांच्यापुढे जेलचं फारसं चालत नाही. लांब केसांच्या मुलींचे भांग पाडत, एकेका इलेक्ट्रोडखालची जागा मोकळी करत बसावं लागतं. काम संपल्यावर त्यांना केस धुवायला गरम पाणी आणि कोरडा टॉवेल मिळेल हे आम्ही काळजीपूर्वक पाहतो, कारण जेल घेऊन बसने घरी जाणं कुणाला आवडेल? मेंदूकडून मिळणारा जो इशारा आम्हाला हवा असतो तो जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा असतो. पापणी लवली तर त्याच्या कितीतरी पट मोठी लाट उठते. म्हणून एका प्रकारची डझनावारी वाक्यं दाखवून त्यांची सरासरी काढतात, तेव्हा कुठे गोंगाट खाली बसतो आणि अर्थाची लाट वर येते.

ती लाट पहिल्यांदा टिपली मार्टा कूटस आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी. १९८० साली ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांचा लेख आला. त्यांच्या प्रयोगातलं एक वाक्य गाजलं: एक माणूस गरम पावावर काहीतरी फासतो, आणि लोण्याच्या जागी शेवटी ‘मोजे’ हा शब्द येतो. तो शब्द दिसल्यावर सुमारे चारशे मिलिसेकंदांनी एक ऋण विद्युत लाट शिखराला पोहोचते. तिला एन-४०० म्हणतात. शब्द मोठ्या अक्षरांत छापला तर ही लाट येत नाही, वेगळीच येते. म्हणजे हा नुसत्या अचंब्याचा इशारा नव्हे. तो अर्थाशी बांधलेला आहे. पुढे असंही दिसलं की वाक्य विचित्र असण्याचीही गरज नसते. साधा, योग्य, पण कमी अपेक्षित शब्द आला तरी ही लाट थोडी वाढते.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला न्यायशास्त्रातलं एक उदाहरण आठवलं: ‘अग्नीने शिंपतो’. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त वाक्याचा अर्थ कळण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत: आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. शिंपायला पाणी लागतं, अग्नीत ती योग्यता नाही, म्हणून हे वाक्य व्याकरणाने उभं राहिलं तरी अर्थाने उभं राहत नाही. एका शब्दाला पूर्ण होण्यासाठी दुसऱ्याची जी ओढ असते ती आकांक्षा. गाय, घोडा, पुरुष, हत्ती अशी नावं नुसती ओळीने ठेवली तर त्यांना एकमेकांची ओढ नसते, म्हणून वाक्य होत नाही. आणि शब्द तासातासाच्या अंतराने उच्चारले तर जवळीक तुटते, संनिधी राहत नाही. मुंबई संस्कृत मालेत १८९७ साली आठल्ये आणि बोडस यांची या ग्रंथाची आवृत्ती निघाली, आणि संस्कृत शिकणाऱ्या कित्येक पिढ्यांनी न्यायाचा पहिला पाठ त्यातून घेतला.

आपल्या पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक होतं, असा दावा मला करायचा नाही. नैयायिकांचा प्रश्न शब्दातून मिळणारं ज्ञान प्रमाण कसं ठरतं हा होता. मिलिसेकंदांशी त्यांना कर्तव्य नव्हतं. पण प्रयोगाची आखणी करताना मला ‘आकांक्षा’ ही कल्पना आजच्या पुष्कळ संज्ञांपेक्षा उपयोगी पडली आहे. इंग्रजीतून शिकताना आपण म्हणतो की ऐकणारा पुढच्या शब्दाचा अंदाज बांधतो. आकांक्षा म्हणते की आलेला शब्दच पुढचा शब्द मागतो. दुसऱ्या मांडणीत विभक्तीला मोठं काम मिळतं, आणि मराठीचा सगळा कारभार तर विभक्तीवर आहे.

इथे माझ्या कामाचा गाभा येतो. इंग्रजी वाक्यात क्रियापद कर्त्याच्या मागोमाग येतं, म्हणून या विषयातल्या सुरुवातीच्या पुष्कळ सिद्धान्तांनी क्रियापदाला वाक्याचा मालक मानलं. कोण काय करतो, कुणाला करतो, याच्या जागा क्रियापद नेमून देतं, बाकीचे शब्द त्या जागांवर जाऊन बसतात. मग ज्या भाषांत क्रियापद शेवटी येतं त्यांच्या बोलणाऱ्यांनी काय करायचं? सगळी नामं हातात धरून शेवटपर्यंत ताटकळायचं? तसं असतं तर मराठी, हिंदी, जपानी, तुर्की बोलणारी माणसं कायम दमलेली दिसली असती.

जपानीत हे तपासलं गेलं. यूकी कामिदे, जेरी ऑल्टमन आणि सारा हेवूड यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ऐकणाऱ्यांसमोर एक चित्र होतं: हॉटेलातली वाढपी, गिऱ्हाईक, खाण्याचा पदार्थ. ‘वाढपी गिऱ्हाइकाला’ एवढं कानावर पडताच, पदार्थाचं नाव आणि क्रियापद येण्याआधीच, लोकांचे डोळे पदार्थाकडे वळू लागले. ‘ला’चा अर्थ देणाऱ्या जपानी प्रत्ययाने काहीतरी दिलं जाणार ही मागणी आधीच नोंदवली होती. हिंदीत श्रवण वशिष्ठ आणि रिचर्ड लुइस यांनी २००६ साली दाखवलं की नाम आणि क्रियापद यांच्यात शब्दांची भर घातली तर काही वाक्यांत क्रियापद उलट लवकर वाचलं जातं. इंग्रजीवरून आलेल्या सिद्धान्ताप्रमाणे अंतर वाढलं की भार वाढायला हवा होता. पण मध्ये आलेले शब्द क्रियापदाची चाहूल अधिक पक्की करत होते.

मराठीत याहून अधिक काही दडलेलं आहे. ‘आजीने नातवाला’ एवढं म्हणून थांबा आणि समोरच्याला वाक्य पुरं करायला सांगा. ‘लाडू दिला’, ‘गोष्ट सांगितली’, ‘जवळ घेतलं’, असं होऊन गेलेलं काहीतरी येतं. क्वचित ‘समजावून सांगावं’ असं विध्यर्थी येतं. ‘आजी नातवाला’ म्हणून थांबा: ‘देते’, ‘सांगते’, ‘देणार आहे’. त्या एका ‘ने’ने क्रियापदाच्या आधीच काळाचं दार उघडलं किंवा लावलं. आता ‘मी नातवाला’ म्हणून थांबा. ‘दिला’ही येतं, ‘देते’ही येतं, ‘देईन’ही येतं. कारण मराठीत मी, तू, आम्ही, तुम्ही यांना भूतकाळातही हा प्रत्यय लागत नाही. हिंदीत ‘मैंने’ आहे, आपल्याकडे ‘मीने’ नाही.

याचा अर्थ असा की एकाच भाषेत, एकाच माणसाच्या तोंडी, प्रत्ययाने आगाऊ सूचना देणारी वाक्यं आणि न देणारी वाक्यं शेजारी शेजारी नांदतात. प्रयोग करणाऱ्याला इतकी चांगली मांडणी स्वतः रचता आली नसती. ऐकणारा प्रत्ययावर किती विसंबतो, प्रत्यय नसेल तेव्हा कशाचा आधार घेतो, ‘काल’ किंवा ‘उद्या’ या शब्दाला तेव्हा जास्त वजन येतं का, हे प्रश्न इंग्रजीत विचारता येत नाहीत आणि हिंदीतही याच रीतीने विचारता येत नाहीत. ते मराठीत विचारता येतात. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मला झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

भाषा बदलली की निष्कर्ष बदलतात, याचा दाखला मेंदूच्या अभ्यासातही आहे. ‘उंदरांपासून पळणारी मांजर’ अशा उलट्या नात्याच्या डच वाक्यांवर नायमेखेनच्या संशोधकांनी २००३ साली लेख लिहिला. अर्थ उघडच विपरीत, तरी एन-४०० लाट वाढली नाही. तिच्याऐवजी नंतर येणारी, वाक्याची पुन्हा जुळणी करताना दिसणारी दुसरी लाट वाढली. इंग्रजीतही तसंच मिळालं. अर्थ आणि रचना मेंदूत कशा वेगळ्या चालतात यावर त्यातून मोठी चर्चा झाली. मग २०११ साली इना बोर्नकेसल-श्लेसेव्स्की आणि सहकाऱ्यांनी तुर्की, जर्मन अशा भाषांत त्याच जातीची वाक्यं तपासली, आणि तिथे एन-४०० मिळाली. कोण कर्ता हे ओळखायला जी भाषा मुख्यतः शब्दांच्या क्रमावर अवलंबून असते तिथे एक घडतं, आणि जी भाषा प्रत्ययासारख्या इतर खुणांवर अवलंबून असते तिथे दुसरं. मानवी मेंदूबद्दलचा म्हणून सांगितलेला नियम दोन-तीन युरोपीय भाषांचा निघाला. २०११च्या जनगणनेत ज्या भाषेचे ८ कोटी ३० लाख बोलणारे नोंदले गेले तिच्यावरचे असे प्रयोग इतके थोडे असावेत, हे मला कायम सलतं.

आणि जे होतात ते कुणावर होतात? विद्यापीठाच्या आवारात सापडणाऱ्या विशीतल्या मुलामुलींवर. म्हणून मी लॅपटॉप घेऊन गावांत जायला लागले. माण तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडीच्या ताईंनी शाळेची खोली मिळवून दिली. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून बॅटरी पुरेल तेवढ्यातच काम बसवायचं. कीबोर्डची सवय नसलेल्या बायकांसाठी लांब कळेवर टिकली चिकटवली, म्हणजे बोट कुठे ठेवायचं ते सांगावं लागत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाक्यं ऐकवायची आणि चित्रं दाखवायची. पंखा बंद, दार लोटलेलं, बाहेर कोंबड्या. सगळ्यात अवघड असतं ते ‘ही परीक्षा नाही’ हे पटवणं. शाळेच्या खोलीत बसवून प्रश्न विचारले की माणूस चूक-बरोबरच्या भीतीने आखडतो, आणि आखडलेल्या माणसाचे वेळ मोजून काही उपयोग नसतो. आधी चहा, मग पिकापाण्याच्या गोष्टी, मग संमतिपत्र, मग काम, हा क्रम मी तिथे शिकले.

तिथे एका आजींना मी अर्धं वाक्य दिलं. “‘सुनेने सासूला’... पुढं काय येईल, आजी?”

“कुनाची सून?”

“कुणाचीही समजा.”

“आसं कसं समजू? सून कंची, सासू कंची, ते कळल्याबिगर म्होरलं कसं सांगावं?”

आणि एसटीतून निवृत्त झालेल्या एका वाहकांनी वर दिलेलं चोराचं वाक्य ऐकून मला विचारलं, “मॅडम, तितं माणसं किती हुती? एकच आसंल तर ‘माणसाला बक्षीस दिलं’ म्हणा की. चोराला पकडणारा म्हणून येगळं कशाला सांगायचं?”

त्यांनी विचारलेला प्रश्न या विषयातला एक मूलभूत प्रश्न आहे. स्टीफन क्रेन आणि मार्क स्टीडमन यांनी १९८५ साली नेमकं हेच मांडलं होतं: विशेषण-वाक्य आपण तेव्हाच वापरतो जेव्हा अनेकांतून एकाला वेगळं काढायचं असतं. एकटं वाक्य समोर टाकलं की ऐकणाऱ्याला तशी गरज दिसत नाही, म्हणून तो आधी सोपं चित्र उभं करतो आणि फसतो. आधी गोष्टीत चार माणसं आणा, त्यातल्या एकाला चोर पकडू द्या, मग हेच वाक्य बोला. अडखळणं पुष्कळ कमी होतं. वाहकांना हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. बोलणं कशासाठी असतं याची त्यांची समज पक्की होती. त्या गावानंतर मी सुटी वाक्यं देणं जवळजवळ सोडलं. आता प्रत्येक वाक्याआधी तीन-चार वाक्यांची छोटी गोष्ट असते. काम वाढतं, पण मिळणारं उत्तर माणसाच्या खऱ्या ऐकण्याचं असतं.

गोष्टीचं सामर्थ्य किती असतं ते मान्टे न्यूलँड आणि योस वान बेर्कम यांच्या २००६च्या प्रयोगाने दाखवलं. त्यांनी नाचणाऱ्या, प्रेमात पडलेल्या शेंगदाण्याची गोष्ट सांगितली. गोष्ट रंगल्यावर ‘शेंगदाणा प्रेमात पडला होता’ हे ऐकणाऱ्यांच्या मेंदूला सहज गेलं, आणि ‘शेंगदाणा खारा होता’ या वाक्यापाशी एन-४०० लाट वाढली. आपल्याकडे भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट ऐकत वाढलेल्या मुलाला भोपळा धावतो यात काही खटकत नाही. अन्नंभट्टाची योग्यता शब्दांत असते हे खरं, पण ती गोष्टीतूनही येते आणि ऐकणाऱ्याच्या लहानपणातूनही येते.

ऐकणारा स्वतःच्या जवळचं किती घालतो याची एक सोपी परीक्षा आहे. बायबलमधल्या नोहाच्या तारवाबद्दलच्या प्रश्नात नोहाच्या जागी मोझेसचं नाव घातलं तर लोकांच्या ते लक्षात येत नाही, असं एरिकसन आणि मॅटसन यांनी १९८१ साली दाखवलं होतं. ती कथा आपल्याकडे तितकी घोटलेली नसते, म्हणून ते उदाहरण इथे निरुपयोगी. मी आपलं तयार केलं: ‘एकनाथ महाराजांनी रेड्याच्या तोंडून वेद कोणत्या गावी वदवले?’ पुष्कळ जण क्षणात सांगतात, पैठण. ज्ञानेश्वरांची ही कथा त्यांना तोंडपाठ असते, कुणी वारीलाही गेलेले असतात. पण एकनाथ पैठणचे, संत, महाराज. नाव इतकं चपखल बसतं की तपासायला कुणी थांबत नाही. ‘शाहिस्तेखानाचा कोथळा कोणत्या गडाच्या पायथ्याशी काढला’ असं विचारलं तर मात्र बरेच जण तिथेच अडवतात. अफझलखान आणि शाहिस्तेखान ही दोन नावं शाळेपासून वेगवेगळी घोटलेली असतात. आपण अर्थ शब्द मोजून लावत नाही. बरा जुळणारा अर्थ मिळाला की पुढे जातो, आणि एरवी ते पुरतं. पोलीस ठाण्यातला जबाब, न्यायालयातली उलटतपासणी, औषधाच्या चिठ्ठीवरची सूचना, इथे मात्र ते पुरत नाही. अशा ठिकाणी मराठी वाक्य कसं लिहावं हे सांगण्याइतका अभ्यास आपल्याकडे व्हायला हवा.

अलीकडे या कामात एक नवा आधार आला आहे. पुढचा शब्द किती अनपेक्षित होता याचं गणित मोठ्या मजकूरसाठ्यावरून करता येतं, आणि वाचनाच्या वेळेशी ते बऱ्यापैकी जुळतं. जॉन हेल यांनी २००१ साली आणि रॉजर लेव्ही यांनी २००८ साली ही मांडणी केली. मीही ती वापरते. पण मराठीचा जो मजकूर संगणकाला मिळतो तो मुख्यतः वर्तमानपत्रांचा आणि विकिपीडियाचा. त्यात ‘त्याने’ असतं, ‘त्येनं’ नसतं. त्यात सभा, निवडणुका, क्रिकेट भरपूर; खुरपणी, रास, माहेरपण थोडं. त्या साठ्यावरून काढलेली अपेक्षा पुण्यातल्या पदवीधराची असेल, माणच्या आजींची नव्हे. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने बोलींचं जे सर्वेक्षण केलं त्याचं मोल मला इथे कळतं. गावोगावच्या लोकांना चित्रफिती दाखवून, त्यांना त्यांच्या पद्धतीने सांगू देऊन जमवलेलं ते बोलणं आहे. प्रत्यय कुठे ‘ने’, कुठे ‘नं’, कुठे ‘नी’, याची त्यात दखल आहे. अर्थाचा अभ्यास अशा सामग्रीवर उभा राहिला तरच तो मराठीचा अभ्यास होईल.

यासाठी महागडी यंत्रं लागतातच असं नाही. एक साधा लॅपटॉप, विचारपूर्वक केलेली वाक्यं, आणि वेळ देणारी माणसं एवढ्यावर सुरुवात होते. मराठी किंवा मानसशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की आपल्या एखाद्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी हा विषय सुचवा. ‘मी’ आणि ‘त्याने’ यांच्यातल्या फरकावरच अनेक प्रबंध होतील. आणि वाचकांना विनंती अशी की कुणी मुलगी किंवा मुलगा तुमच्या दारात येऊन “थोडी वाक्यं वाचून दाखवाल का” असं विचारू लागला, तर त्याला तासभर द्या. घरातल्या आजींनाही बोलवा. वाक्य खटकलं तर सांगा, अर्धवट वाटलं तर ‘कुणाची सून?’ असं विचारा, आणि तुमचं उत्तर त्याला जसंच्या तसं लिहून घ्यायला लावा.